थंडीला कंटाळून लगेच घर विकू नका



कॅनडातल्या मराठी ज्येष्ठांनी बर्फाला कंटाळून कायमचे गावी यावे, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला अर्धवट आहे. टोरांटोत जानेवारीत पारा शून्याखाली जातो, दारातला बर्फ फावड्याने ओढावा लागतो, हे खरेच. पण आमच्या बीबी गावातल्या मे महिन्याचे काय? भरदुपारी रस्ता ओस अन् कूलरमध्ये ओतायचे पाणीही मोजून.

मधला मार्ग आहे. टोरांटो ज्यात आहे त्या ऑन्टारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा टिकवायला १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावे लागते. म्हणजे बाकीचे दिवस गावी राहता येते; तेव्हा दिवाळीला यावे, शेतात हरभऱ्याचा हुळा खावा आणि होळी झाली की परतावे.

तिकडचे घर विकण्याआधी असे दोन हिवाळे काढून पाहावेत.

— एक वाचक, बीबी (ता. लोणार, जि. बुलढाणा)