किल्ली परत हवी, पत्ता द्यायचा नाही

बाईची किल्ली हरवली की तिला पहिल्यांदा ऐकावं लागतं, 'लक्ष कुठं असतं तुझं?' नवरा महिन्यातून दोनदा किल्ली विसरतो तेव्हा त्याला कामाचा ताण असतो. बाई मात्र वेंधळी ठरते. एकेकाळी सासूच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा म्हणजे घरातली सत्ता होती. आज किल्ली सुनेच्या पर्समध्ये आली, पण तिच्याबरोबर सत्ता फारशी आली नाही, बोलणी तेवढी आली. असो. मला लिहायचं आहे ते हरवलेली वस्तू परत मिळवताना आपण काय काय देऊन बसतो, त्याबद्दल.

आपल्याला सर्रास सल्ला दिला जातो की पर्समध्ये नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा, किचेनला फोन नंबर लावा. वस्तू सापडणारा माणूस सज्जनच असणार आणि आपला पत्ता कुणालाही कळला तरी काही बिघडत नाही, असं हा सल्ला देणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण किल्ली आणि पत्ता एकाच पर्समध्ये असणं म्हणजे घरच हवाली करणं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या, कुठल्यातरी उपनगरात भाड्याची खोली घेऊन राहणाऱ्या बाईकडे लपवण्यासारखी एकच दौलत असते, ती म्हणजे तिचा पत्ता. शिवाय पर्समध्ये आणखी काय काय असतं! कोर्टाच्या तारखेचा कागद, ए.आर.टी. केंद्राचं कार्ड, गोळ्यांची पाकिटं.

आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका बाईची पर्स रिक्षात राहिली. ज्याला सापडली तो भला माणूस होता. त्यानं आधार कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले, 'पर्स सापडली आहे, कृपया पुढे पाठवा.' लोकांनीही पुण्याचं काम म्हणून पुढे पाठवलं. चौथ्या दिवशी नवरा तिच्या खोलीच्या दारात उभा होता. पर्स मिळाली, खोली सोडावी लागली. यात दोष कुणाला द्यायचा? त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाईचा पत्ता ही चार लोकांत वाटण्याची गोष्ट नाही, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली एकमतानं सांगितलं, ते व्हॉट्सॲपच्या गटांपर्यंत अजून पोचायचं आहे.

वस्तू सापडली तर ती कुठं आणि केव्हा सापडली एवढंच जाहीर करावं. रंग, आतल्या वस्तू, नाव हे काही सांगू नये. मागायला येईल तिला खूण विचारावी. त्याहून बरं म्हणजे ती जमा करावी. एस.टी.त वाहकाकडे दिलेली वस्तू आगारात जाते. रेल्वेत सापडलेलं सामान रेल्वे सुरक्षा दलाकडे जातं, आणि हरवलं असेल तर 139 वर कळवता येतं. सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळायची असते, असं 1872 च्या करार कायद्याचं कलम 71 म्हणतं. मालक शोधता येत असूनही ती स्वतःसाठी वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा होतो.

सगळेच भले नसतात. 'तुमची पर्स मिळाली' या फोनपासून सुरू होऊन 'एकट्याच राहता का?' पर्यंत पोचलेली प्रकरणं आम्ही ऐकली आहेत. उपकार केल्यावर माणसाला आपला हक्क वाटू लागतो. म्हणून वस्तू घ्यायला घरी बोलावू नये. स्टेशन, ओळखीचं दुकान, संघटनेचं कार्यालय अशा जागी सोबत कुणाला घेऊन जावं. नंतर फोन येत राहिले तर एकदा स्पष्ट नकार लेखी मेसेजनं द्यावा आणि तो जपून ठेवावा. पाठलागाच्या गुन्ह्यात (2013 पासून 354-ड, आता न्याय संहितेचं कलम 78) बाईनं नापसंती स्पष्ट दाखवूनही तो वारंवार संपर्क साधत राहिला, हे महत्त्वाचं असतं. आणि किल्ली पत्त्यासकट हरवली असेल तर ती परत आली तरी कुलूप बदलावं. कोपऱ्यावरचा चावीवाला काही मिनिटांत दुसरी करून देतो.

आधार रोज जवळ बाळगण्याची गरज नसते. नंबर झाकलेल्या आधारवरही पत्ता दिसतोच. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ओळखीसाठी बऱ्याच ठिकाणी ते चालतं.

बैठकीत हा विषय काढला तर कुणीतरी म्हणणार, हे मध्यमवर्गीय बायकांचे प्रश्न झाले. मग घरकामगार बायकांना विचारा. तिच्या पिशवीत तिच्या एका घराची नव्हे, चार घरांच्या किल्ल्या असतात, आणि मालकिणींनी सोयीसाठी प्रत्येकीवर सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर चिकटवलेला असतो. पिशवी हरवली तर चारही घरं उघडी, आणि पुढं कधी काही चोरीला गेलं तर संशय कुणावर? पोलिसांत हरवल्याची नोंद करायला गेलं तर उलट चौकशी होईल म्हणून ती जात नाही. खरं तर हीच नोंद पुढं तिच्या बाजूनं उभी राहते. किल्लीवर नाव-नंबर नको, रंगीत दोरा बांधून द्या, ही मागणी घरकामगार संघटनांनी मालकिणींपुढे ठेवायला हरकत नाही. कुलूप बदलायचा खर्च बाईच्या पगारातून कापायचा नाही, हेही त्यातच यावं.

आता किल्ल्या शोधायची यंत्रं निघाली आहेत. ॲपलनं 2021 साली एअरटॅग काढला. मोठ्या नाण्याएवढी ही चकती किल्लीला लावली की ती कुठं आहे ते फोनवर दिसतं. पण तीच चकती बायकोच्या पर्सच्या अस्तरात घालून तिच्यावर पाळत ठेवता येते, हे पुरुषांच्या लगेच लक्षात आलं. अमेरिकेत बायकांनी 2022 मध्ये कंपनीवर दावा लावला. आता अशी अनोळखी चकती सोबत फिरत असेल तर ॲपल आणि अँड्रॉइड दोन्ही फोन सूचना देतात. ज्या बाईकडे साधा बटणाचा फोन आहे तिला मात्र कुणीच सांगत नाही. चकती सापडलीच तर फेकू नये. फोटो काढावा आणि संघटनेशी बोलून मग पोलिसांकडे न्यावी. ती मालकाच्या खात्याशी जोडलेली असते, म्हणजे पुरावा असते. ती एकदम बंद पडली तर त्याला कळतं, हेही लक्षात ठेवून आधी सुरक्षित जागी पोचावं.

याला उत्तर जुनंच आहे. कॅनडात वॉर अँप्स ही युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांची संस्था 1946 पासून किल्लीची बिल्ली देते. बिल्लीवर आज एक गुप्त क्रमांक असतो. किल्ली सापडली की टपालपेटीत टाकायची. ती संस्थेकडे जाते आणि संस्था मालकाला पाठवते. सापडणारा आणि मालक यांची गाठच पडत नाही. आपल्याकडे पेटीत टाकलेली किल्ली पोचेल का, याबद्दल मला शंका आहे, पण क्रमांकाची बिल्ली आणि संस्थेचा फोन नंबर एवढं कुठल्याही महिला मंडळाला जमेल. पत्ता द्यायचा तर टपाल खात्याचा पोस्ट बॉक्स घ्यावा.

आमच्या केंद्रात अशी वही सुरू करायचं ठरतं आहे. वही ठेवायच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहणार आणि रविवारी फोन कोण घेणार, यावर अजून वाद चालू आहे. ज्या गटांनी असं काही करून पाहिलं असेल त्यांनी जरूर लिहावं.