गंजलेली नळी आणि विहिरीचे पाणी

गेल्या उन्हाळ्यातील ऐन मे महिन्याची गोष्ट. आमच्या घरची डिझेलवर चालणारी मोटार, वयाने चौदा वर्षांची, कळमन्याच्या बाजारातून सावनेरास परत येत होती. पारा ४५ अंशांच्या घरात होता. पाटणसावंगीच्या अलीकडे उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि बॉनेटखालून वाफ निघू लागली. गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद केले आणि ते निवेपर्यंत झाडाखाली बसून राहिलो. मग पाहता असे आढळले की, टर्बोस पाणी नेणारी बोटाएवढी पोलादी नळी वाकणाजवळ गंजून चाळणीसारखी झाली आहे. गाडी ओढून आणल्यावर ज्या मिस्त्रीने ती पाहिली, त्याने सल्ला दिला की नळी काढून टाका, दोन्ही तोंडे बुजवून द्या, गाडी चालेल. सल्ला स्वस्त होता, आणि खरे सांगावयाचे तर क्षणभर आम्हास तो मोहकही वाटला. तो आम्ही का मानला नाही, आणि ती नळी गंजली यात दोष कोणाचा, हे वाचकांपुढे मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमच्या तालुक्यात जुनी मोटार वा जीप नाही असे बागाईतदाराचे घर विरळा. सबब हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही.

प्रथम टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोराने एक लहान चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक मिळाली म्हणजे इंधन अधिक जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठे काम निघते. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. या दांड्याचा वेग मिनिटास लाख फेऱ्यांच्याही वर जातो, आणि त्याच्या एका अंगास धुराची धग कित्येक शे अंशांची असते. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल जळू नये म्हणून कित्येक टर्बोंच्या मधल्या अंगाभोवती पाण्याची वाट ठेवलेली असते.

या पाण्याचे महत्त्व गाडी चालत असता जेवढे, त्याहून अधिक ती थांबल्यावर आहे. इंजिन बंद होताच तेलाचा प्रवाह थांबतो. परंतु तापलेल्या लोखंडातील धग थांबत नाही, ती दांड्याकडे सरकते. पाणी असले म्हणजे तापलेले पाणी आपोआप वर चढते, थंड पाणी त्याच्या जागी येते आणि धग वाहून जाते. पाणी नसेल तर तेल जागच्या जागी करपून त्याचा कोळसा होतो. हा कोळसा तेलाच्या बारीक वाटा बुजवितो आणि दांड्यास घासतो. नळी बुजविली तरी गाडी चालते, हे मिस्त्रीचे म्हणणे खोटे नव्हे; ती चालते, पण दर थांब्यास टर्बोचे आयुष्य थोडे थोडे कमी होत जाते. नळीची किंमत आणि नव्या टर्बोची किंमत यांत बैलाची वेसण आणि बैल यांच्याइतके अंतर आहे. वेसणीचा खर्च वाचवून बैल गमावणाऱ्यास आपण काय म्हणतो, ते वाचकांस ठाऊक आहेच.

येथे एक खुलासा अवश्य आहे. सर्वच टर्बोंस पाण्याच्या नळ्या नसतात. पुष्कळ डिझेल इंजिनांत, विशेषतः ट्रॅक्टरांत, टर्बो केवळ तेलावरच थंड ठेवलेला असतो. आपल्या गाडीत काय आहे ते बॉनेट उघडून पाहावे. वरून येणारी बारीक नळी तेल आणते, खालून निघणारी जाड नळी तेल परत नेते. यांखेरीज मधल्या अंगास आणखी दोन नळ्या असतील तर त्या पाण्याच्या समजाव्या.

आता गंजाकडे वळू. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेतील प्राणवायू ही दोन्ही लागतात. बाहेरून या नळीची जागाच वाईट. ती धुराच्या नळकांड्याजवळ असल्यामुळे तिचा रंग व मुलामा उष्णतेने लवकर जातो. पावसाळ्यात शेताच्या वाटेवरील काळा चिखल तिच्यावर बसतो, आणि काळी माती ओल किती दिवस धरून ठेवते हे आम्ही शेतकऱ्यांस सांगावयास नको. तरी बाहेरचा गंज डोळ्यांस दिसतो व घासून काढता येतो. घात करतो तो आतला. आतल्या गंजाचे मूळ शोधू गेलो तेव्हा ते आमच्याच अंगणातील बादलीत सापडले. रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की विहिरीचे पाणी ओतावयाचे, हा आमचा चार वर्षांचा परिपाठ होता!

विहिरीच्या पाण्याचे दोन अपराध आहेत. पहिला क्षारांचा. आपल्या भागातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. ज्यांच्या संत्र्याच्या बागेस ठिबक आहे त्यांना ड्रीपरच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर परिचयाचा आहे, आणि तो काढण्यासाठी नळ्यांतून सौम्य आम्ल सोडण्याचा खटाटोपही. पाणी तापले म्हणजे हा चुना अधिकच खाली बसतो; म्हणून इंजिनात तो सर्वांत तापलेल्या आणि सर्वांत अरुंद जागी, म्हणजे टर्बोच्या वाटेत, आधी धरतो. स्वस्त ड्रीपरसाठी जो मनुष्य पाण्याची परीक्षा करून घेतो, तोच लाखोंच्या गाडीत तेच पाणी डोळे मिटून ओततो, ही आमची विसंगती होय.

दुसरा अपराध ताज्या हवेचा. बंद राहिलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू काही काळाने संपतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो. परंतु दर आठवड्यास नवे पाणी ओतले की त्याबरोबर नवा प्राणवायूही जातो व गंजास पुन्हा खाद्य मिळते. म्हणून पाणी वारंवार कमी होणे हेच मूळ दुखणे मानावे. जेथून गळते ती जागा न शोधता वरून भरत राहणे म्हणजे बांध फुटला असता मोट चालू ठेवण्यासारखे आहे.

काही वृद्ध शेतकरी बंधू म्हणतील, "आमच्या जुन्या ट्रॅक्टराने तीस वर्षे विहिरीचेच पाणी प्यायले, त्यास काय झाले?" हा आक्षेप टाकाऊ नाही. त्या ट्रॅक्टराचे ठोकळे जाड बिडाचे होते, पाण्याच्या वाटा रुंद होत्या, टर्बो नव्हता आणि इंजिनाकडून अपेक्षाही बेताची होती. बोटभर जाडीच्या बिडातून एक सूत गंजून गेले तरी काही बिघडत नसे. हल्लीच्या गाडीत नळीची भिंत पातळ पत्र्याएवढी, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि वाटा अरुंद. शिवाय गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. एका ठिकाणी सुटलेला गंज दुसऱ्या ठिकाणी वाट बुजवितो. यंत्र बदलले, तसा त्याचा आहारही बदलला पाहिजे.

आणि ही गोष्ट आमच्या तालुक्यास नवी नाही. नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची रेल्वे सावनेरावरून जात असे. ती २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलर ठराविक मुदतीने रिकामा करून आतील गाळ व चुना धुऊन काढावा लागे, आणि हे काम टाळलेले कोणत्याही रेल्वेत खपत नसे. खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणीही बॉयलरमध्ये नदीनाल्याचे पाणी जसेच्या तसे जात नाही. आधी त्यातील क्षार काढून टाकावे लागतात. बॉयलर मोठा म्हणून त्याचे पाणी शुद्ध आणि आमचे इंजिन लहान म्हणून त्याचे पाणी कसेही, असा नियम कोठेही नाही.

आता उपायांकडे येतो. नळी गंजली आहे किंवा नाही हे फुटण्यापूर्वी ओळखता येते. इंजिन पूर्ण थंड असता नळीचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशाने घासावा. रंग गेला असून पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर उष्णता सोसणारा रंग देऊन काही वर्षे काढता येतील. परंतु खड्डे पडले असतील, जोडांपाशी हिरवट किंवा तांबूस डाग वाळलेले दिसतील, किंवा रेडिएटरचे पाणी चहासारखे तांबूस झाले असेल, तर वाट पाहू नये, नळी बदलावी. येथे कित्येकजण एपॉक्सीचा लेप लावतात किंवा भोकावर झाळ देतात. गंजलेल्या पातळ भिंतीस झाळ धरत नाही. शेजारी नवे भोक पडते. लेप धगीने व हादऱ्याने सुटतो. घरापर्यंत येण्यापुरते हे ठीक, पुढे नाही.

नवी नळी कंपनीची मिळाली तर उत्तमच. जुन्या गाडीची ती मिळत नसेल तर चांगल्या कारागिराकडून स्टेनलेस पोलादाची वळवून घ्यावी, आणि मध्ये लवचीक तुकडा ठेवावा. कारण इंजिन हादरते, आणि निव्वळ ताठ नळी जोडापाशी चिरते. साधे तांबे वळविण्यास सोपे खरे, पण हादऱ्याने ते कडक होऊन तडकते. पाणीपुरवठ्याची जस्ताचा मुलामा दिलेली नळी मुळीच वापरू नये. कूलंटमधील द्रव्यांशी जस्ताची क्रिया होऊन चिखलासारखा गाळ तयार होतो. टर्बोजवळ साधा रबरी पाइपही टिकत नाही. जोडाच्या बोल्टांखालील तांब्याचे वायसर दरवेळी नवे घालावे. आणि गंजलेले बोल्ट जोर करून फिरवू नयेत; आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल सोडून ठेवावे. टर्बोच्या अंगात तुटलेला बोल्ट काढण्याचा खर्च नळीच्या कितीतरी पट होतो, हे ज्यास घडले आहे तोच जाणतो.

नळी बदलल्यावर सर्व वाट स्वच्छ पाण्याने धुवावी, आणि मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचे कूलंट क्षारविरहित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणाने मिसळून भरावे. कूलंट हे केवळ थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून असते, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुतः त्यात गंजरोधक द्रव्ये असतात आणि त्याने उकळण्याचा अंशही वाढतो. नागपुरी उन्हाळ्यात या दोन्हींची गरज आहे. ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून पुस्तकात दिलेल्या मुदतीस कूलंट बदलावे. रंगावरून जात ओळखू नये व दोन जाती मिसळू नयेत. भरताना आत कोंडलेली हवा काढून टाकावी. लांब चढ किंवा जड भार ओढून आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवून मग बंद करावे. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण केव्हाही उघडू नये. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून तोंड भाजते.

एक सूचना आम्ही विशेष आग्रहाने करतो. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ, नालीत वा विहिरीकाठी ओतू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड व जातीने विषारी आहे. जनावर वा कुत्रे ते चाटते आणि मरते. झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हातास न लागेल असे ठेवून, ते वर्कशॉपच्या टाकाऊ तेलाप्रमाणे योग्य ठिकाणी द्यावे.

हे सर्व एकेकट्याने करणे महाग वाटते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच आमचे मते आपल्या मंडळाने याबाबत पुढाकार घ्यावा. मंडळाच्या भांडारात खताच्या पोत्यांबरोबर क्षारविरहित पाण्याचे व कूलंटचे डबे ठेवावे आणि ते सभासदांस खरेदीच्या भावाने द्यावे. तसेच पावसाळा संपल्यावर एक दिवस ठरवून एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून सभासदांच्या गाड्यांची तपासणी करवावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी होऊन ५ वर्षांसाठी वाढविता येते. म्हणजे नीट राखलेली जुनी गाडी कायद्यानेही मोडीत निघत नाही. शेतकऱ्याच्या पदरी नवी गाडी दर दहा वर्षांनी येत नाही. असलेली टिकविणे हीच त्याची बचत.

दसऱ्यास आपण अवजारांबरोबर गाडीसही हार घालतो. पोळ्यास बैलाची केवळ पूजा करीत नाही. त्याचे खूर पाहतो, खांदे शेकतो. तीच दृष्टी गाडीकडे वळवावी, एवढेच आमचे सांगणे आहे. येत्या दसऱ्यास हार घालण्यापूर्वी बॉनेट उघडावे, टर्बोच्या नळ्यांवरून हात फिरवावा आणि रेडिएटरमधील पाण्याचा रंग पाहावा. आमची नळी रस्त्यात फुटली ती दिवसा, गावाजवळ आणि गाडी रिकामी असताना. प्रत्येकाच्या बाबतीत असेच घडेल, असा भरवसा कोणी धरू नये.