ताटाला नावं ठेवण्याआधी रेशनचं पोतं उघडून बघा

सकस आहारावर भाषणं देणाऱ्यांचं सध्या उदंड पीक आलं आहे. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ते लागतात, पोषणाचे सप्ताह आणि पंधरवडे साजरे होतात, आणि प्रत्येक वेळी उपदेशाचा रोख एकाच माणसाकडे असतो... घरातल्या बाईकडे. "ताई, ताटात विविधता आणा. ताई, मुलांना पालेभाजी द्या."

मंडळी, आयुष्यभर खडू झिजवलेल्या या मास्तरचा ह्या उपदेशालाच आक्षेप आहे. ताटात काय पडणार हे आता स्वयंपाकघरात ठरतच नाही. ते ठरतं रेशनच्या गोदामात आणि बाजार समितीच्या ओट्यावर. ज्या बाईच्या हाती काही उरलंच नाही, तिलाच जाब विचारायचा, हा कुठला न्याय?

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीनं गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! देशभर बातमी झाली. लोक हसले, विनोद फिरले. ज्या मुलींच्या डोक्यावरचे केस गेले त्यांच्या घरी कोणी हसत नव्हतं. आधी पाणी तपासलं, मग दिल्लीचं पथक येऊन गेलं. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपला निष्कर्ष मांडला की रेशनच्या गव्हात सेलेनियम फार होतं, आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. त्यांच्या पाहणीत १८ गावांतले २७९ रुग्ण होते. या निष्कर्षावर वाद झाला. मी डॉक्टर नाही, निवाडा देणार नाही. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्याभोर जमिनीवरच्या माणसानं दोन्ही वेळचं धान्य हजार-दीड हजार किलोमीटरवरून का आणावं? आणि सगळ्या गावानं एकाच ठिकाणचं, एकच धान्य का खावं?

पंचाहत्तरीच्या आसपासच्या माणसांना आठवत असेल, आपल्याकडे पोळी सणावाराला. रोजची भाकरी, ती ज्वारीची. सालदाराचं सालही ज्वारीत ठरायचं. दुष्काळात, १९७२ला, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, पण ती होती ज्वारीचीच बहीण. पुढे सोयाबीन आलं. नगदी पैसा आला, हे खरं. पण सोयाबीन आपल्या चुलीपर्यंत येत नाही. त्याचं तेल कारखान्यात निघतं आणि पेंड कोंबड्यांना जाते. शेतकरी सोयाबीन विकतो आणि पिशवी घेऊन रेशनच्या रांगेत उभा राहतो!

आता कोणी म्हणेल, गुरुजी, गव्हात काय वाईट आहे? काहीच नाही. पौष्टिकतेचे तक्ते काढून बघितले तर प्रथिनं, लोह, चोथा यांत ज्वारी आणि अख्खा गहू जवळपास बरोबरीचे आहेत. ज्वारी म्हणजे अमृत, असं सांगणारे पाकिटं विकायला बसलेले असतात. माझं दुःख वेगळं आहे. ज्वारी एकटी कधी नव्हतीच. तिच्या वावरात तुरीच्या ओळी असायच्या, मूग, उडीद, बरबटी असायची, कडेला अंबाडी आणि तीळ. एका वावरातून भाकरी, वरण, भाजी आणि चटणी निघायची, वर बैलाला कडबा. ज्वारी गेली आणि तिच्यासोबत ही अख्खी पंगत उठून गेली. मग तूरडाळ किराणा दुकानातून पावशेरानं यायला लागली. आणि आता त्याच घरातल्या बाईला विविधतेचे धडे!

दुसरा आक्षेप असा की लोकांनाच ज्वारी नको, भाकरी थापायला बायकांचे कष्ट पडतात. कष्ट पडतात, खरंच आहे. पण तो प्रश्न ज्वारीचा नाही, घरातल्या पुरुषांनी परातीला हात लावण्याचा आहे. तिसरा आक्षेप, शेतकरी ज्वारी पेरतच नाही. का पेरेल? कणसात दाणा भरला की पाखरं आणि रानडुकरं, काढणीला पाऊस आला की दाणा काळा, आणि इतकं करून घरात आलेली ज्वारी हमीभावानं घ्यायला वेळेवर कोणी नाही.

कायद्यात मात्र सगळं आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो. जानेवारी २०२३पासून तर हे धान्य फुकटच आहे. म्हणजे ज्वारी द्यायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. त्याच २०२३ साली भारताच्या पुढाकारानं जगभर भरडधान्य वर्ष साजरं झालं, ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' हे नवं नाव मिळालं. शहरातल्या दुकानांत ज्वारीचे पोहे आणि बिस्किटं आली. माझ्या पुण्याच्या भाचेमंडळींनी ती कौतुकानं आणली. रेशनवर मात्र काही ठिकाणी, काही महिने ज्वारी दिसली तेवढीच.

शाळेचंही तेच. पोषण आहाराची खिचडी वर्षानुवर्षं तांदळाचीच. नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी २०२५मध्ये सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, हे २०१९-२१च्या सरकारी पाहणीनंच सांगितलंय. तरी काटकसर सुचली ती अंड्यात!

मागणी काही आकाशातली नाही. जिल्ह्यातली ज्वारी जिल्ह्यातच हमीभावानं, काढणी झाल्याबरोबर घ्या आणि त्या ५ किलोंतली निदान २ किलो तीच द्या. शाळेत ज्वारीच्या कण्या शिजवा, अंडं परत द्या. रेशनचं धान्य तपासून त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, कारण खाणाऱ्याला तो कळायलाच हवा. आणि ग्रामसभेत हे मुद्दे मांडायला कोणाचीही परवानगी लागत नाही, तेव्हा आपणही नुसते घरी बसून कुरकुरू नका.

एवढं झालं, की मग खुशाल या आणि आमच्या सुनांना आहाराचे धडे द्या. त्या ऐकून घेतील. तोवर तुमचा तक्ता अंगणवाडीच्या भिंतीवरून काढून पुरवठा खात्याच्या गोदामात लावा, विद्यार्थी तिकडे बसले आहेत.

पटलं नसेल तर जरूर भांडा. पण भांडण्याआधी घरातल्या पिठाच्या डब्यात काय आहे आणि ते कुठून आलंय, एवढं बघून या.