मांगूर म्हणजे सगळा एकच नव्हे

सातपाटी म्हटलं की लोकांना पापलेट आठवतं. 2023 मध्ये राज्यमासा ठरलेलं पापलेट आपल्याकडं लहान पोरही ओळखतं. पण खाडीच्या अलीकडं, भातखाचरात आणि शेततळ्यात जो मासा असतो, त्याची ओळख आपण विसरत चाललोय. मांगूर हे त्याचं ठळक उदाहरण.

सध्या दोन टोकं दिसतात. एक जण ‘देशी मांगूर’ सांगून देतील ते बी तळ्यात सोडतो. दुसऱ्याला मांगूर दिसला की ‘बंदीचा मासा’ म्हणून तो मारून टाकतो. माझं मत असं, की दोघंही सारखंच नुकसान करतात.

बंदी आहे ती आफ्रिकन मांगुरावर. शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपिनस. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज नदीचं जुनं नाव गॅरिप, त्यावरून हे नाव पडलं. बाजारात याला ‘थाई मांगूर’ म्हणतात, पण मूळ थायलंडचं नाही. केंद्र सरकारने 2000 मध्ये याच्या पालनावर बंदी घातली. पुढं राष्ट्रीय हरित लवादानंही लक्ष घातलं आणि उजनीच्या परिसरात अशी तळी नष्ट करण्याची कारवाई झाली.

आपला गावरान मांगूर वेगळा, क्लॅरियस मागूर. पहिल्या पावसात वलगणीला चढणारा, खाचरातल्या चिखलात तग धरणारा. आज तो जागतिक पातळीवर संकटग्रस्त यादीत आहे. बंदीच्या नावाखाली यालाच मारायचं म्हणजे चोर सोडून घरच्याला शिक्षा.

ओळखायचं कसं?

1) मिशा मोजून उपयोग नाही. दोघांनाही चार जोड्या. पाठीवरचा लांब पर दोघांनाही, आणि हवेतून श्वास दोघंही घेतात.

2) रंग पाहा. आफ्रिकन मोठा झाला की अंगावर काळपट-करडे ढगाळ डाग दिसतात, पोट पांढरं. डोक्याच्या खालच्या बाजूला बहुधा दोन गडद पट्टे. गावरान साधारण एकसारखा तपकिरी-काळसर. पण पाण्याप्रमाणं रंग बदलतो, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नका.

3) मेलेला मासा हाती आला तर कल्ला उघडा. पहिल्या कमानीवर कंगव्यासारखे दाते असतात. गावरानाला साधारण वीसच्या आसपास. आफ्रिकनला दाट, आणि मोठ्या माशात शंभरावरही जातात. माझ्या मते घरच्या घरी करण्याजोगी सगळ्यात भरवशाची खूण हीच.

4) वाढ पाहा. पाच-सहा महिन्यांत किलोभर झाला तर तो गावरान नाही. गावरान तेवढ्या काळात शे-दीडशे ग्रॅमच्या आसपास राहतो. आफ्रिकन दीड मीटरपर्यंत वाढू शकतो.

बोटाएवढं पिल्लू मात्र नुसत्या नजरेनं सांगता येत नाही, त्यात संकरही असतात. फसवणूक होते ती तिथंच. गावरान मांगुराचं बी तयार करणं कटकटीचं, नराचं वीर्य मिळवायला बहुधा नर मारावा लागतो. म्हणून ते मुबलक आणि स्वस्त मिळत नाही. कोणी ढिगानं, स्वस्तात देऊ लागला तर आधी बीजकेंद्राचं नाव आणि पक्की पावती मागा. नाही दिली तर घेऊ नका.

‘माझ्या तळ्यात आहे, लोकांना काय त्रास?’ असं म्हणू नका. आपला पाऊस कसा असतो ते ठाऊक आहे. बांध फुटला की तळं ओढ्याला मिळतं, ओढा सूर्या-वैतरणेला. हा मासा अधाशी, घाणेरड्या पाण्यातही जगतो, लहान मासे आणि अंडी खातो. एकदा नदीत गेला की परत काढता येत नाही. आणि नदीवर पोट असलेला माणूस आपल्या शेजारचाच असतो.

तळ्यात निघालाच तर ओढ्यात सोडू नका, मत्स्य विभागाला कळवा. विभागाकडूनही माझी एक अपेक्षा आहे: नुसतं ‘मांगूर बंद’ सांगू नये. पावसाआधी गावात दोन्ही मासे शेजारी ठेवून दाखवावेत. बंदीचा कागद वाचून मासा ओळखता येत नाही, हातात घेऊन येतो.

तुमच्या भागात वलगणीला गावरान मांगूर अजून चढतो का? जरूर लिहा.