मालकाचा पत्ता कॅमेऱ्यातच असतो

तैवानच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुआओ इथे, मार्च २०१८ मध्ये एका प्राथमिक शाळेची मुलं किनाऱ्यावरचा कचरा गोळा करत होती. त्यात त्यांना एक काळपट ठोकळा मिळाला. शिंपले आणि समुद्री जिवांच्या कवचांचा थर इतका जाड होता की आधी तो दगडच वाटला. थर खरवडल्यावर आत वॉटरप्रूफ केस निघाली आणि तिच्यात कॅनन कंपनीचा कॅमेरा. पाण्याचा थेंबही आत शिरलेला नव्हता. बटण दाबलं, तर कॅमेरा चक्क सुरू झाला!

आता याचं काय करायचं? सापडला त्याचा, असं काही मुलांना वाटत होतं. बाकीची म्हणाली, परत द्यायचा. मग मालकाचा माग लागतो का, हे बघण्यासाठी फोटो उघडले गेले. तारखा सप्टेंबर २०१५ च्या होत्या आणि दृश्यं जपानच्या इशिगाकी बेटावरची. शिक्षकांनी फेसबुकवर चिनी आणि जपानी भाषांत मजकूर टाकला, हजारो लोकांनी तो पुढे पाठवला आणि बघता बघता मालकीण सापडली. ती टोकियोत शिकणारी विद्यार्थिनी होती. समुद्रात डायव्हिंग करताना तिचा कॅमेरा हरवला होता. सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर पार करून तो तैवानला लागला होता.

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर, बॅमफिल्डजवळ, २०१४ मध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना समुद्राच्या तळाशी असाच एक कॅमेरा मिळाला. तो दोन वर्षांपूर्वी एका बुडालेल्या बोटीबरोबर तळाला गेला होता. कॅमेरा निकामी झाला होता, आतलं मेमरी कार्ड मात्र शाबूत होतं. त्यातला एक कौटुंबिक फोटो गावात दाखवल्यावर तटरक्षक दलातल्या एकाने बोटीच्या मालकाला ओळखलं. त्याच कार्डात त्या माणसाने आपल्या आई-वडिलांच्या रक्षाविसर्जनाचे फोटो जपलेले होते. कॅमेरा दुकानात दुसरा मिळाला असता. हे फोटो कुठून आणणार?

कार्ड एवढं तग धरतं, कारण त्यात फिरणारा एकही भाग नसतो. माहिती विजेच्या सूक्ष्म भारांच्या रूपात बंदिस्त असते. खारं पाणी गंजवतं ते धातूच्या भागांना, आणि वीज चालू असेल तर हा गंज झपाट्याने वाढतो. म्हणून भिजलेला कॅमेरा सुरू करून बघू नये. बॅटरी आणि कार्ड काढावं, कार्ड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावं आणि मगच संगणकाला लावावं.

पुढचं काम चिकाटीचं. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं मॉडेल नोंदलेलं असतं, कित्येकदा त्याचा क्रमांकही. गाडीची नंबरप्लेट, शाळेचा गणवेश, कार्यालयाच्या दारावर वधूवरांची नावं लिहिलेला फलक, यांतलं काहीही मालकाच्या दारापर्यंत नेऊ शकतं.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. मालक शोधण्याचं साधन हाताशी असताना वस्तू बळकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरतो. मालकाचे, त्याच्या घरच्यांचे चेहरे ज्यात आहेत, त्या कॅमेऱ्याबद्दल ‘मालक कळला नाही’ असं सहजासहजी म्हणता येणार नाही.

सापडलेले फोटो जसेच्या तसे समाजमाध्यमांवर टाकणं मात्र चुकीचं. लहान मुलांचे, घरातल्या खासगी क्षणांचे फोटो जाहीर करण्याचा अधिकार कॅमेरा ज्याला सापडला त्याला नाही. कॅमेऱ्याचं मॉडेल, तो मिळाल्याची जागा आणि एखादं निर्धोक दृश्य पुरेसं असतं. बाकीच्या खुणा मालकाने सांगाव्यात, म्हणजे खरा मालक कोण हेही पटतं. रेल्वेत सापडलेला कॅमेरा रेल्वे सुरक्षा दलाकडे द्यावा. प्रवाशांचं हरवलेलं सामान परत करण्यासाठी या दलाची ‘ऑपरेशन अमानत’ ही मोहीम सुरू आहे. इतरत्र जवळचं पोलीस ठाणं आहेच.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी आजच एक काम करावं. कागदावर आपलं नाव आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन नंबर ठळक लिहून त्याचा फोटो काढावा, तो पुसला जाणार नाही असा लॉक करून कार्डात ठेवावा आणि कार्ड फॉरमॅट केलं की पुन्हा काढावा.