गोळी स्वस्त झाली, पुरवठ्याचे काय?

शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने राबणारा एखादा कामगार हृदयविकाराच्या झटक्यातून वाचला, तर त्याच्या चिठ्ठीवर अनेकदा मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळीचे नाव असते. श्रम, भय किंवा संताप यांच्या वेळी अ‍ॅड्रिनॅलिन हृदयाला वेगाने धावायला लावते. हे औषध हृदयातील त्याच्या जागा अडवून बसते; ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, हृदयाची प्राणवायूची गरज घटते.

या गटातील पहिले यशस्वी औषध प्रोप्रॅनोलॉल. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकात ते विकसित केले. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. नॅफ्थॉलवर आधी एपिक्लोरोहायड्रिनची व मग आयसोप्रोपिलअमाइनची प्रक्रिया केली की ते सिद्ध होते. एवढी रसायनविद्या भारतात होती. अडसर होता तो मक्तेदारीचा. १९७० चा पेटंट कायदा १९७२ साली अमलात आला आणि औषधाऐवजी केवळ ते बनविण्याच्या कृतीलाच पेटंट मिळू लागले. देशी कारखान्यांनी वेगळ्या कृतींनी तीच औषधे बनविली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. गोळीची स्वस्ताई ही बाजाराची कृपा नव्हे. तो संसदेचा निर्णय होता. २००५ पासून नव्या औषधांवर पुन्हा थेट पेटंट मिळते, हे विसरता कामा नये.

परंतु स्वस्ताईने प्रश्न संपत नाही. ही गोळी एकाएकी थांबविली तर अडवलेले हृदय अ‍ॅड्रिनॅलिनला अधिकच तीव्र प्रतिसाद देते. छातीतील कळ उसळते, क्वचित झटकाही येतो. म्हणूनच ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते. मग आरोग्य केंद्रातील साठा संपला किंवा कंत्राट तुटून खिसा रिकामा झाला, तर ही केवळ गैरसोय म्हणावयाची काय? तो रुग्णाच्या जिवावरचा घाला आहे.

दम्याच्या रुग्णाला काही बीटा-ब्लॉकर घातक ठरतात. तेव्हा गोळ्या वाटणे हे कार्यकर्त्यांचे काम नव्हे. गावोगावच्या आरोग्य केंद्रांत साठा किती दिवसांचा आहे, याचा जाब दरमहा विचारणे हे मात्र त्यांचेच काम आहे. कायद्याने मिळविलेली स्वस्ताई औषधाच्या रिकाम्या फडताळात हरवू देणे जनतेला परवडणारे नाही.