बॅसीन म्हणजे नेमकं कुठलं?

नकाशावरचा लाल टिपका थेट ब्रह्मदेशात जाऊन बसला, इरावतीच्या मुखाशी. शीटवरच्या लेबलावर फिकट शाईत ‘बॅसीन’ एवढंच लिहिलेलं. संगणकाला त्या नावाचं जे गाव सापडलं ते त्याने दाखवलं. टंकन करणारी एम.एस्सी.ची मुलगी थबकली. ती रोज विरारहून येते.

‘‘सर, ही आमची वसई तर नसेल?’’

सर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ‘‘त्याच माणसाचा आदला नंबर काढ,’’ एवढंच म्हणाले. वनस्पती गोळा करणारा प्रत्येक नमुन्याला ओळीने क्रमांक देत जातो. आदल्या क्रमांकाची शीट दुसऱ्या कपाटात निघाली. तारीख एक दिवस आधीची, ठिकाण ठाणे. ठाण्याहून एका रात्रीत इरावतीला कोण पोचणार? टिपका उचलून वसईला आणला. एका शीटला वीस मिनिटं लागली.

गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे कागदाच्या शीटवर टाचलेल्या वाळक्या वनस्पतींच्या संग्रहात, हे पाहिलं, आणि आज मला त्या वीस मिनिटांबद्दलच लिहायचं आहे. डिजिटायझेशनच्या प्रस्तावात स्कॅनर असतो, सर्व्हर असतो, बारकोडचे रोल असतात. ही वीस मिनिटं माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रस्तावात नव्हती. त्याआधीचा सुईदोराही नव्हता.

शीट स्कॅनरपर्यंत पोचण्याआधी तिची डागडुजी करावी लागते. आधी गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे वीस अंशांना काही दिवस गोठवायचा, म्हणजे कीड अंड्यांसकट मरते. तांबूस रंगाचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान भुंगेरा असतो, सिगारेट बीटल. सूर्यफुलाच्या कुळातली फुलं त्याला फार आवडतात. त्याने पाडलेला भुसा मऊ ब्रशने झाडायचा, पण डोळे उघडे ठेवून, कारण त्यात एखादं बी, एखादी पाकळी असते. ती चिमट्याने वेचून कागदाच्या पुडीत घालायची आणि पुडी त्याच शीटच्या कोपऱ्यात चिकटवायची. सुटलेली फांदी दोऱ्याने टाचायची, उचकटलेलं पान पातळ खळीने बसवायचं. हातमोजे घालूनच, कारण पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत आणि ते विष आजही कागदात आहे. जुनं लेबल मात्र काढायचं नाही, त्यावर खाडाखोडही करायची नाही. नाव चुकलंय असं वाटलं तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची, स्वतःचं नाव आणि तारीख घालून. एकाच शीटवर अशा तीन-चार चिठ्ठ्या दिसतात तेव्हा मला फार आनंद होतो. शंभर वर्षांच्या अंतराने माणसं एकाच फांदीवर वाद घालत असतात.

विद्यार्थी असताना मी एका शीटवर गळलेलं पान सेलोटेपने चिकटवलं होतं. घाईत. टेप पिवळी पडते, तिचा डिंक पाझरतो आणि टेप सोलताना पानाचा पापुद्रा सोबत येतो. ते पान माझ्यामुळे गेलं, याची रुखरुख अजून जात नाही.

या सगळ्यानंतर स्कॅनर. झेरॉक्ससारखी शीट पालथी घातली तर फुलं गळतील, म्हणून स्कॅनरच उलटा बसवलेला असतो आणि शीट खालून वर उचलून त्याला भिडवतात. शेजारी मोजपट्टी, रंगपट्टी, बारकोड. हे काम काही मिनिटांचं.

आपल्याकडे जपण्यासारखं किती आहे, याची कल्पना अनेकांना नसते. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ चं. स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी ते उभारलं. त्यांच्यानंतर फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचा घाट पायी पालथा घातला आणि तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला. घाटात द्रुतगती मार्ग येण्याच्या कितीतरी आधीचा तो खंडाळा आहे. या घाटांतली कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. फुललेली कारवी, ठिकाण आणि तारीख एवढं एका शीटवर असलं की त्या डोंगराचा फुलोरा कोणकोणत्या साली आला असेल, हे मागे जाऊन मोजता येतं. पण ठिकाण नीट वाचलेलं हवं. लेबल न वाचता नुसतं छायाचित्र चढवलं, तर शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती शीट कपाटात होती तशीच राहिली.

लेबल न वाचलं जाण्याहूनही मोठी एक भीती आहे. एका विद्यापीठात, नाव घेत नाही, पावसाळ्यात हर्बेरियमच्या कपाटामागची भिंत पाझरत होती. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘‘स्कॅनिंगचा प्रस्ताव गेलाय. ते झालं की ही जागा मोकळीच करायची आहे.’’ मी हादरलो. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचं आपलं हर्बेरियम यापुढे सांभाळणार नसल्याचं जाहीर केलं होतं, ती बातमी आठवली.

छायाचित्राचं मोल मी कमी लेखत नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९२९ मध्ये युरोपातल्या मूळ नमुन्यांचे, म्हणजे ज्यांच्यावरून जातीला नाव दिलं त्या नमुन्यांचे, फोटो काढायला माणूस पाठवला. सुरुवात बर्लिनपासून झाली. मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम जळालं. तिथल्या अनेक नमुन्यांचं आज फक्त चित्र उरलंय, आणि ते आहे हे नशीबच. पण त्या चित्रातलं फूल गरम पाण्यात भिजवून उघडता येत नाही. १९८७ मध्ये इयान वुडवर्ड यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या हर्बेरियममधल्या दोनशे वर्षांतल्या पानांवरची रंध्रं मोजली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी ती कमी होत गेलेली दिसली. ती पानं खुडणाऱ्यांच्या मनातही असा प्रश्न आलेला नसणार. मोजायला पान होतं, म्हणून मोजता आलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रस्तावात यंत्रापुढे जेवढा आकडा लिहिता, तेवढाच हातांपुढे लिहा. शीट दुरुस्त करणारा कायमचा माणूस, कंत्राटावर सहा महिन्यांचा नको. लेबलं वाचायला मोडी आणि जुनी इंग्रजी अक्षरं ओळखणारी, गावांची जुनी नावं ठाऊक असलेली माणसं. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक गावोगाव आहेत, त्यांना मानधन देऊन सन्मानाने बोलवा. आणि स्कॅन झालेली शीट परत त्याच कपाटात, कोरड्या भिंतीपाशी.

मी निघालो तेव्हा त्या मुलीपुढे पुढची शीट आली होती. लेबलावर ‘साल्सेट’. म्हणजे साष्टी, पण ती मुंबई-ठाण्याकडचीही आहे आणि गोव्याचीही. या वेळी तिने सरांकडे पाहिलं नाही. उठली आणि आदला नंबर शोधायला कपाटाकडे गेली.